एल्मची आखूड पेटी

त्या सप्टेंबरात कोल्डस्लेडची माणसं केझाया प्रॉसरशी अचानक गोड वागायला लागली. एकोणसाठ वर्षांत असं पहिल्यांदाच होत होतं, त्यामुळे ते तिच्या ध्यानात यायलाच आठवडा गेला.

आधी लीया यॅप वाटाण्याचं सूप घेऊन आली. मग सेथ गॉडसलने न सांगता तिचं सरपण फोडलं आणि दाराशी रचून ठेवलं. ज्या हातपंपावर तिची बादली नेहमी सगळ्यांच्या मागे सरकवली जायची, तिथल्या बायका म्हणाल्या, "आजी, तू भर आधी. वाऱ्यात उभी राहू नकोस." केझायाने पाणी भरलं, पण घरी जाताना दोनदा मागे वळून पाहिलं. कोणीही हसत नव्हतं.

ती टेकडीच्या पलीकडची. चार मैलांवरून लग्न होऊन आलेली. पण कोल्डस्लेडमध्ये चार मैल म्हणजे परदेश. तिचे शब्द उच्चारायची तऱ्हा वेगळी, म्हणून तिची नक्कल करायचा खेळ वाडीतल्या तीन पिढ्या खेळल्या होत्या. तिच्याशिवाय मात्र कोणाचं चालत नसे. मूल जन्मताना तिचे हात आणि माणूस गेल्यावर त्याला धुवून, जबडा बांधून, हात छातीवर घालून नीट निजवायलाही तिचेच हात. वाडीच्या नऊ घरांतली जवळपास सगळी जिवंत माणसं तिने उघडी पाहिली होती आणि सगळी मेलेलीही. यामुळे तिला कोणी जवळ केलं नाही. उलट तिच्या हातचा पाव खायला पोरं नाक मुरडत.

वाडी बशीच्या तळाशी बसल्यासारखी आहे. उत्तरेला टेकडी, दक्षिणेला ओढा. पावसाळी महिन्यांत ओढा पात्रात राहतच नाही. चर्च, शाळा, डॉक्टर, दुकान, स्टेशन, सगळं वर स्टॅनवर्थला. मोठ्या कुरणातून सरळ चढून गेलं तर पाऊण मैल. रस्त्याने, पुलाला वळसा घालून, साडेतीन मैल; त्यातला निम्मा रस्ता हिवाळ्यात पाण्याखाली. कुरणाच्या जुन्या मालकाने कोणाला कधी अडवलं नव्हतं. पाच वर्षांपूर्वी इलायस हॅदरलने शेत विकत घेतलं, कुरणाला तार मारली, खालच्या फाटकाला कुलूप घातलं आणि कुत्रा बांधला. वाडीतली सात घरंही त्याच्याच मालकीची झाली आणि त्या सात घरांतले पुरुष त्याच्याच शेतावर राबत. उरलेली दोन घरं म्हणजे सुतार रूबेन यॅप आणि त्याची बायको लीया यांचं, आणि केझायाच्या नवऱ्याने पडीक जागेवर स्वतःच्या हातांनी उभारलेलं तिचं.

मागच्या फेब्रुवारीत सेथची बायको नेओमी बाळंतपणात अडली. हे आपल्या हातचं नाही हे केझायाने पहाटेच ओळखलं आणि डॉक्टरला बोलवा म्हणाली. डॉक्टर रस्त्याने आला. दोन तास लागले. त्याने हात धुतले, नेओमीकडे पाहिलं आणि टोपी पुन्हा डोक्यावर घातली.

आता या मुलखात एक समजूत आहे. मढं खांद्यावरून ज्या वाटेने चर्चला जातं, ती वाट कायमची गावाची होते. मग ती कोणी मालक बंद करू शकत नाही. कायद्यात असलं काहीही नाही. पण हे कोल्डस्लेडमध्ये कोणालाच माहीत नव्हतं आणि हॅदरलला तर सगळ्यांत कमी माहीत होतं. नेओमीची पेटी खांद्यावर घेऊन माणसं फाटकाशी गेली तेव्हा तो बंदूक घेऊन उभा होता. बंदूक त्याने वर उचललीही नाही. फक्त सेथला म्हणाला, "ही पेटी आत आली की तू घराबाहेर. तुझी आईही." सेथ जरा वेळ उभा राहिला. मग पेटी मागे फिरली आणि रूबेनच्या गाडीवर घालून, पाण्यातून, रस्त्याने गेली.

केझाया तेव्हा मागून चालत होती. तिला ओलं बाधलं आणि खोकला लागला तो गेलाच नाही.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिच्या मुलीचं पत्र आलं. ॲनिस ब्रिस्टलला राहायची. नवरा एडविन गोदीत सुतारकाम करायचा. पोस्टमन वाडीत फिरत नसे, सगळी पत्रं यॅपच्या घरी टाकून जाई. केझायाला वाचता येत नव्हतं. लीया यॅपने पत्र पंपापाशीच मोठ्याने वाचलं. आई, तुझी खोली तयार आहे, खिडकीतून नदी दिसते, हिवाळ्याच्या आत ये.

केझायाच्या तोंडावर तेव्हा जे उमटलं ते पाहून बायका बाजूला झाल्या. इतकी वर्षं त्यांनी तिला कशाची ओढ लागलेली पाहिलीच नव्हती. "मी जाते," ती म्हणाली. "रूबेन, येत्या शनिवारी मला गाडीने स्टेशनवर सोडशील?"

रूबेनने डोकं खाजवलं. "सोडतो की," तो म्हणाला.

सूप सुरू झालं ते त्यानंतर.

शनिवारी रूबेनच्या गाडीच्या चाकाची लोखंडी धाव सुटली होती. पुढच्या शनिवारी तट्टू लंगडत होतं. त्यापुढच्या वेळेला ओढा भरला. मधे ॲनिसचं दुसरं पत्र आलं. लीयाने ते घरात बसून वाचलं.

"ती म्हणते, खोलीचं छत गळतंय. वसंतात बघू."

"एवढंच? पानं दोन आहेत."

"बाकी गोवराचं आहे. पोरांना आलाय."

"दोन पानं गोवर?"

"पोरं चार आहेत तिला, आजी."

केझायाने पत्र हातात घेऊन उलटसुलट केलं. मग म्हणाली, "लिही तिला. म्हणावं गोवर मला येऊन गेलाय, आणि गळकं छत मला नवं नाही. मी येतेच."

"लिहिते," लीया म्हणाली आणि तिच्यासमोरच लिहायला बसली. केझायाने कागदावर सरकणारा तिचा हात समाधानाने पाहिला.

नोव्हेंबर अर्धा सरला. खोकल्यात आता तांबडं दिसायला लागलं होतं. छातीतला तो आवाज केझायाने किती उशांपाशी बसून ऐकला होता. आपल्याकडे किती दिवस आहेत याचा अंदाज तिला डॉक्टरपेक्षा बरा येत होता. फार नव्हते. पण ब्रिस्टलला पोचून खिडकीशी बसण्याइतके होते.

एका दुपारी रूबेन स्टॅनवर्थला गेलेला असताना ती चाक बघायला त्याच्या छपरात शिरली. चाक भिंतीला टेकलेलं होतं. तिने मधला तुंबा हलवून पाहिला, आरे एकेक करून दाबून पाहिले, धावेवरून बोट फिरवलं. चाक ठणठणीत होतं. कोपऱ्यातलं तट्टू चारी पायांवर उभं राहून तिच्याकडे पाहत होतं.

तिथेच सुताराच्या दोन लाकडी घोड्यांवर एल्मच्या फळ्यांची पेटी होती. नवी. आतून डांबर लावलेली. केझायाने सवयीने वितीने मापली. सहा विती आणि थोडंसं. एवढी आखूड पेटी पोराची म्हणावी तर रुंदी मोठ्या माणसाची. कोल्डस्लेडमध्ये एवढं बुटकं मोठं माणूस एकच होतं.

पण तिला खिळवून ठेवलं ते दुसऱ्याच गोष्टीने. पेटीच्या तळाला, दोन्ही कडांना, कातड्याच्या गाद्या ठोकल्या होत्या. खांद्याला रुतू नये म्हणून. कोल्डस्लेडची पेटी गाडीवरून जाते. गाडीवर जाणाऱ्या पेटीला गाद्या कशाला? खांद्यावरून पेटी न्यावी लागते ती फक्त वाट गावाची करून घ्यायची असेल तिथून. म्हणजे कुरणाच्या चढावरून.

रूबेन परत आला तेव्हा ती पेटीशेजारी ओंडक्यावर बसली होती.

"कोणाची रे ही?"

"स्टॅनवर्थच्या एका बाईची."

"साठ वर्षं मी मेलेल्या अंगावरून हात फिरवलाय, रूबेन. मला मापं शिकवू नकोस. आणि खांद्यात अरुंद केलीयस. मुडपून घालणार होतास का मला?"

रूबेनने कानामागची पेन्सिल काढली. "किती वाढवू?"

तो चेष्टा करत नव्हता. हे तिच्या लक्षात आलं आणि तिला खोकला आला. तो थांबेपर्यंत रूबेन पेन्सिल हातात धरून उभा राहिला. मग समोर बसला.

"आजी, तुला खोटं सांगत नाही आता. पोरं साडेतीन मैल पाण्यातून शाळेत जातात. नेओमीचं तू पाहिलंस. आम्हाला ती वाट हवी. आणि वाट मिळायची तर मढं लागतं. दुसऱ्या कोणाचं नेलं तर त्याच्या मागे राहिलेल्यांना हॅदरल घराबाहेर काढणार. तुझ्या मागे इथे कोणीच नाही. घर तुझं स्वतःचं."

"आणि खांदा कोण देणार? तुम्ही सगळे त्याचेच गडी."

"माझे चार मेहुणे. पलीकडच्या खोऱ्यातले. हॅदरल त्यांना ओळखत नाही."

"म्हणजे सगळं ठरलंय."

"सगळं."

"फक्त मी तेवढी राहिलेय."

"तुला कोणी घाई करत नाही, आजी," रूबेन मनापासून म्हणाला.

"आणि ॲनिसकडे जाऊन मेले तर?"

"म्हणून तर चाक मोडलंय ना," रूबेन म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी केझाया तारेच्या कडेकडेने चालत कुरणाच्या फाटकाशी गेली आणि कुत्रा भुंकून भुंकून दमेपर्यंत तिथे उभी राहिली. शेवटी हॅदरल आला. वाडीतलं माणूस आपणहून त्याच्याशी बोलायला आलं नव्हतं असं पाचवं वर्ष चालू होतं.

"काय आहे, प्रॉसरबाई?"

"मालक, माझी पेटी तयार झालीय. एल्मची. खांद्याच्या गाद्यांसकट."

त्याचा हात फाटकाच्या कुलपावर गेला.

"तुमची तब्येत कशी आहे?" त्याने विचारलं.

"वाईट."

"किती वाईट?"

"ख्रिसमस काही दिसत नाही मला."

हॅदरल कुरणाकडे बघत राहिला. हे एवढं गवत, आणि त्याच्या मधोमध तुडवलेली वाट, कायमची. त्याच्या मुलाच्या, नातवाच्या काळातही. हे त्याला रात्रंदिवस छळायचं. केझायाने त्याला बघू दिलं. मग म्हणाली, "मला स्टेशनवर सोडा. जिवंत. मुलीकडे जाऊन मरते. मी गेले की तुमच्याकडे चालत येईल असं दुसरं मढं या वाडीत नाही."

"उद्या सकाळी नऊ," हॅदरल ताबडतोब म्हणाला. "माझी घोड्याची गाडी इथे उभी असेल. कांबळं घालून ठेवतो. वाटेत काही होणार नाही ना तुम्हाला?"

"पाऊण मैलात?"

"कुरणात नको, म्हणजे झालं," तो म्हणाला.

तिने एक ट्रंक भरली. दोन झगे, नवऱ्याची काळी टोपी, ॲनिसचं लहानपणचं लोकरी पांघरूण. स्वतःच्या अखेरच्या निजवणुकीसाठी राखून ठेवलेली तागाची चादर होती, तीही घेतली. ॲनिसला जबडा बांधता येत नव्हता. तिला वेळ काढून शिकवायला हवं होतं.

सकाळी नऊला हॅदरलने तिला स्वतः उचलून गाडीत बसवलं. फाटकाचं कुलूप निघालं. आणि त्या फाटकात, आतल्या बाजूला, रूबेन, सेथ आणि आणखी चौघे उभे होते. तार ओलांडून आले होते. बायका बाहेर, रस्त्यावर. पाऊस बारीक पडत होता.

"माझ्या जमिनीतून बाहेर व्हा," हॅदरल म्हणाला.

"आजीला खाली उतरवा, मालक," रूबेन म्हणाला. "ती आमची आहे."

"हिला विचारलंत का?"

"कधीपासून तुमची?" केझाया गाडीतून म्हणाली. "एकोणसाठ वर्षं तर टेकडीपलीकडची होते."

"एवढं सूप पाजलं तुला," लीया मागून म्हणाली.

"मीठ कमी होतं."

एक-दोघं हसले. सेथ हसला नाही. तो पुढे आला, घोड्याचा लगाम त्याने धरला. तो बोलका माणूस नव्हता. हॅदरलसमोर तर कधीच नाही.

"न्या हिला, मालक. माझं काही म्हणणं नाही. पण माझी आई बहात्तरची आहे. ती गेली की मी तिला इथूनच नेणार. घर काढून घ्या. नेओमीच्या वेळी फिरलो मागे, आता नाही फिरत. तिच्यानंतर शेजारच्या जेथ्रोचा बाप आहे. किती म्हाताऱ्यांना गाडीत घालून पोचवणार तुम्ही?"

 हॅदरलने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. मग हलक्या आवाजात विचारलं, "तुम्हाला नक्की काय हवंय? मढी न्यायची आहेत, की चालायचं आहे?"

"चालायचं आहे," रूबेन म्हणाला.

बोलणी तिथेच सुरू झाली. गाडीच्या मागच्या फळीवर कागद पसरून. जिवंत माणसं रोज जातील, एका ओळीत, कुत्री न घेता; गाडी एका वेळी एकच. गवत कापणीच्या आधीचे तीन आठवडे कडेकडेने. वर्षातून एकदा, गुड फ्रायडेला, फाटक दिवसभर बंद, म्हणजे वाट मालकाच्या मर्जीची आहे हे सगळ्यांना दिसावं. आणि मढी सगळी रस्त्याने. कुरणातून एकही नाही, कधीच नाही. गाद्यांची पेटी मोडायची. रूबेन म्हणाला, एल्म महाग असतं, नुसत्या गाद्या काढतो. त्यावर बराच वाद झाला. शेवटी गाद्या काढायचं ठरलं.

या सगळ्यात दीड तास गेला. केझाया गाडीत बसून होती. कांबळं भिजलं होतं. वरच्या बाजूला स्टॅनवर्थच्या दिशेने आगगाडीची शिट्टी ऐकू आली, तेव्हा फक्त तिनेच मान वर केली.

"सगळ्या मोठ्या माणसांच्या सह्या हव्यात," हॅदरल म्हणाला. "पहिली म्हातारीची. मरणार तीच आहे आधी."

रूबेनने कागद तिच्यापुढे धरला. "आजी, इथे फुली मार."

"आधी मला स्टेशनवर पोचवा."

"आगगाडी गेली आता. उद्या सकाळी मी नेतो. बायबलवर हात ठेवून सांगतो."

"चाक?"

"नीट आहे," रूबेन म्हणाला, आणि यावर सगळेच हसले, हॅदरलसुद्धा. पाच वर्षांत ते पहिल्यांदाच एकत्र हसत होते.

केझायाने जरा विचार केला. आता तिला अडवून कोणाचाच फायदा नव्हता. तिने पेन्सिल घेतली आणि फुली मारली, ठळक, दोनदा गिरवून.

हॅदरलने कागद खिशात घातला आणि तिला काखेत धरून खाली उतरवलं. "तुम्हाला आता घाई नाही ना, बाई? मला मेंढ्या पाहायच्यात." ट्रंक त्याने तिच्या पायाशी ठेवली.

माणसं कुरण चढून बघायला गेली. चढायला किती वेळ लागतो ते मोजायला सेथ घड्याळ मागून घेऊन गेला. केझाया ट्रंकेवर बसून राहिली, आणि दम परतल्यावर ट्रंक ओढत घरी गेली. सरपण संपलं होतं. त्या दिवशी तिच्या दारात कोणी आलं नाही. तिला त्याचं काही वाटलं नाही. एकाच रात्रीचा प्रश्न होता.

सकाळी रूबेन शब्दाला जागला. तट्टू जोडलेली गाडी तिच्या दाराशी आली, त्याने ट्रंक वर ठेवली. केझायाने नवऱ्याची काळी टोपी घातली होती. ती गाडीत चढणार एवढ्यात लीया आली. तिच्या हातात पत्र होतं.

"हे राहिलंच होतं द्यायचं," ती म्हणाली. "आता सांगायला हरकत नाही. थांब, वाचते."

आणि नेहमीसारखंच, नीट, शब्द न गाळता तिने ते वाचलं.

*आई, तू येणार नाहीस आणि मी पुन्हा विचारू नये, असं तू दोनदा कळवलंस. मला वाईट वाटलं, पण आता वाटत नाही. एडविनला कॅनडात काम मिळालंय. तुझ्यासाठी आम्ही थांबलो होतो. आता ऑक्टोबर अखेरीला आमचं जहाज सुटेल. खोली सोडली आहे. तुझं ते गाव तुला लखलाभ.*

केझाया गाडीचा कठडा धरून उभी होती.

"मी असं नव्हतं कळवलं."

"मी कळवलं. तुझ्या नावाने," लीया म्हणाली. ती ओशाळली नव्हती; धुणं झालं का विचारल्यावर सांगावं तसं तिने सांगितलं. "तेव्हा वाट मिळालेली नव्हती ना."

"दोन पानं गोवर नव्हता?"

"गोवर कोणालाच नव्हता."

"पत्ता?"

"तिथे पोचल्यावर कळवीन असं काही लिहिलेलं नाही. आला तर वाचून दाखवीन तुला."

रूबेनने लगाम या हातातून त्या हातात घेतला. तट्टू पाय आपटत होतं. "मग आजी," तो म्हणाला, "गाडी लागणार आहे का? नसली तर सेथचं शेणखत वर पोचवायचंय. कुरणातून पहिलीच खेप आहे."

केझायाने कठड्यावरचा हात काढला. "ट्रंक उतरव," ती म्हणाली.

त्याने ट्रंक उतरवून रस्त्याच्या कडेला ठेवली आणि गाडी वळवली. फाटक उघडंच होतं. शाळेला निघालेली पोरं त्याच्यामागून कुरणात शिरली, एका ओळीत, ठरल्याप्रमाणे.

"उत्तर लिहायचंय का काही?" लीयाने विचारलं.

"कुठे?"

लीयाने विचार केला. "तेही खरंच," ती म्हणाली आणि पत्राची घडी घातली.

केझायाने हात पुढे केला. "दे ते इकडे."

"तुला कुठे वाचता येतं," लीया म्हणाली आणि पत्र सवयीने स्वतःच्या ॲप्रनच्या खिशात टाकून घराकडे निघाली.